वांग्याच्या कापांवर काकवी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मी मूळची कोल्हापूर जिल्ह्यातली. पुण्यात बी.ए. करते आहे आणि फेब्रुवारीपासून एका सेमिस्टरसाठी स्पेनमध्ये ग्रानादाला आले आहे. दोन वर्षं स्पॅनिश शिकले, बी 1 ची परीक्षाही चांगल्या मार्कांनी पास झाले, पण इथे आल्यापासून बोबडी वळली आहे. लोकांच्या बोलण्यातला 'स' कुठे गायब होतो तेच कळत नाही. कोपऱ्यावरचा कॉफीवाला तर असा तुसडेपणाने बोलतो, की आता मी रस्ता बदलून जाते.

दोन स्पॅनिश मुलींबरोबर फ्लॅटमध्ये राहते. मुली चांगल्या आहेत, पण त्या दुपारी तीनला जेवतात, रात्री दहाला पुन्हा जेवतात आणि अकराला बाहेर पडतात. रोज साडेतीनला, घरी आठ वाजलेले असताना, आईचा फोन येतो, तेव्हा मी उठून खोलीत जाते. आमचे बाबा माळकरी आहेत. पुण्यात हॉस्टेलवर मी अंडं खायला लागले (आईला माहीत आहे, बाबांना नाही), त्यापलीकडे काही नाही. दारू घेत नाही. 'मांस नको' असं सांगूनही माझ्या सँडविचमध्ये एकदा डुकराचं मांस आलं. तेव्हापासून बाहेर खायची भीतीच बसली. संध्याकाळी आम्ही चार-पाच भारतीय मुलं-मुली एकत्र जमून वरण-भात करतो, तेवढाच काय तो जिवाला आराम.

आता प्रश्न असा. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात सुट्टी आहे. आमच्या ग्रुपने पॅरिस, ॲमस्टरडॅम आणि प्राग ठरवलं आहे. विमानं स्वस्त आहेत. घरचेही म्हणतात, युरोप बघून घे, पुन्हा कधी जाणं होणार. पण माझ्या रूममेटने विचारलं आहे की हाएन प्रांतात तिच्या आजीचं गाव आहे, तिकडे येतेस का. मी 'बघते' म्हणाले. ती नुसतं सभ्यतेपोटी विचारत असेल का? तिथे मी शाकाहारी काय खाणार? आणि एवढ्या लांब येऊन एका खेड्यात सुट्टी घालवायची का? सेमिस्टरचा पहिला महिना संपला, पण अलहंब्रा किल्ल्याच्या फोटोंपलीकडे 'स्पॅनिश संस्कृती' म्हणजे काय ते मला अजून दिसलेलं नाही.

— संभ्रमात, ग्रानादा

---

प्रिय मुली,

उत्तर आधीच देऊन टाकते, तुला शेवटपर्यंत ताटकळत ठेवत नाही. पॅरिसचं तिकीट काढू नकोस. रूममेटबरोबर तिच्या आजीकडे जा.

हे मी अनुभवाने सांगते आहे. 1999 साली मीसुद्धा एका सेमिस्टरसाठी ग्रानादालाच होते. रेआलेहो भागात एका आजींच्या घरी खोली घेतली होती. युरोच्या नोटा अजून हातात आल्या नव्हत्या, पेसेता चालायचे. मधे भोक असलेलं 25 पेसेतांचं एक नाणं मी अजून जपून ठेवलं आहे. घरी फोन आठवड्यातून एकदा, तोही रस्त्यावरच्या बूथवरून, शेजारी नाण्यांची चळत रचून.

त्या घरात जेवणाच्या खोलीत एक गोल मेज होतं. त्यावर जमिनीपर्यंत येणारा जाडजूड कापडी घेर, आणि आत पायांशी विजेची शेगडी. सिएरा नेवादाचा बर्फ गावातून दिसतो आणि इथल्या जुन्या घरांच्या भिंतींतून गारठा कसा झिरपतो ते तू या महिन्यात अनुभवलंच असशील. पूर्वी त्या शेगडीच्या जागी निखाऱ्यांची परात असायची. थंडीत सगळं घर त्या घेरात पाय घालून बसतं, मांडीवर घेराची टोकं ओढून घेतं आणि तिथेच जेवण, शिवण, पत्ते, भांडणं, सगळं चालतं. या मेजाला 'मेसा कामिया' म्हणतात. आजी रोज संध्याकाळी मला म्हणायच्या, "बस इथे." आणि मी रोज म्हणायचे, अभ्यास आहे. खोलीत जाऊन दोन ब्लँकेटं पांघरून क्रियापदांचे तक्ते पाठ करायचे.

मार्चमध्ये एका रात्री थंडी सहनच होईना, म्हणून मी जाऊन बसले. आजी आपल्या वालपापडीसारख्या, पण चांगल्या हातभर लांब शेंगा सोलत होत्या. एक अक्षर न बोलता त्यांनी अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला. शेंगेच्या आत पांढरी मऊ लव असते, दाणे त्यात निजवल्यासारखे दिसतात. तासभर आम्ही सोलत बसलो. त्या बहिणीबद्दल बोलल्या, मासळीच्या भावाबद्दल बोलल्या, खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याबद्दल बोलल्या. मला निम्मं कळलं असेल. पण दुसऱ्या दिवशी मी न बोलावता जाऊन बसले, तिसऱ्या दिवशीही. मग हळूहळू निम्म्याचं पाऊण झालं.

आणि तरीही सेमाना सांताच्या, म्हणजे त्या पवित्र आठवड्याच्या सुट्टीत मी पॅरिसला गेले! आजींनी विचारलं होतं. गुरुवारी मध्यरात्री दार्रो नदीकाठच्या रस्त्यावरून मिरवणूक निघते, तिथे माझ्या बहिणीची गॅलरी आहे, आपण दोघी जाऊ, असं म्हणाल्या होत्या. मी 'बघते' म्हणाले. अगदी तुझाच शब्द. पॅरिसमध्ये चार दिवस पाऊस होता. परत आले तर स्वयंपाकघरात ताटलीवर ताटली उपडी घालून ठेवलेली. त्यात तोरिहास होत्या, म्हणजे दुधात भिजवून, अंड्यात बुडवून तळलेले पावाचे काप, वर साखर आणि दालचिनी. सणाचं पक्वान्न आहे ते. चार दिवसांचे शिळे झाले होते. आजी म्हणाल्या, "तुझे ठेवले होते." मी ते उभ्या उभ्या खाल्ले आणि मला रडू आवरेना.

पुढे कितीतरी वर्षांनी मी ती मिरवणूक पाहिली, गर्दीत टाचा उंच करून. रस्त्यावरचे दिवे मालवतात. हजारो माणसं उभी असतात आणि कोणी बोलत नाही. फक्त एक ढोल ऐकू येतो, संथ, खूप मागून. वर गॅलऱ्यांमध्ये घरोघरची माणसं उभी होती. त्यांतली एक गॅलरी कोणती असेल, ते मला ओळखू आलं नाही.

म्हणून म्हणते, पॅरिस कुठे जात नाही. तू नोकरीला लागशील, पैसे साठवशील, कधीतरी जाशील. पण तुझ्या वयाच्या मुलीने तुला आपल्या आजीच्या घरी बोलावणं हे याच वर्षी आहे.

ती सभ्यतेपोटी म्हणते आहे का, हा प्रश्न मात्र तू योग्य विचारलास, कारण तिथे सभ्यतेपोटीची आमंत्रणं खरोखरच असतात. "आ बेर सी केदामोस", म्हणजे बघू, भेटू कधीतरी, असं स्पॅनिश माणूस दिवसातून दहादा म्हणतो. ते आपल्या 'या की एकदा घरी' सारखंच. त्याच्या भरवशावर कोणी जेवायला जात नाही. पण जिथे गाव सांगितलं, आठवडा सांगितला, आजी सांगितली, ते बोलावणं खरं. तिने बहुधा आजीला आधीच विचारलेलंही असेल.

आता तुझ्या हरवलेल्या 'स'कडे येऊ. ग्रानादा आणि हाएन ज्यात येतात त्या आंदालुसियात शब्दाच्या शेवटचा 'स' विरून जातो, आणि इतरही आवाज गळतात. 'मास ओ मेनोस'चं 'मा ओ मेनो' होतं, 'कान्सादो'चं 'कान्साओ', 'पारा'चं नुसतं 'पा'. ग्रानादाच्या बाजूला तर अनेकवचन ओळखायचं ते शेवटच्या स्वराच्या उघडेपणावरून. आता एक कल्पना कर. एक स्पॅनिश मुलगा दोन वर्षं पुस्तकातून प्रमाण मराठी शिकला आणि थेट तुझ्या गावच्या एस.टी. स्टँडवर उतरला. पहिलं वाक्य कानावर पडलं, "लई येळ झाला न्हवं?" तो काय करील? त्याची मराठी कच्ची आहे असं तू म्हणशील का? तू त्याला म्हणशील, थांब रे जरा, आठ दिवसांत कान तयार होईल. तेच स्वतःला सांग. आणि त्यांच्यासारखं बोलायची घाई करू नकोस. आधी नुसतं ऐक. बाजारात भाजीवाल्यापाशी पाच मिनिटं जास्त उभी राहा, बसमध्ये पुढच्या सीटवरच्या दोन बायकांमागे बस, आणि कानातले इयरफोन काढून ठेव.

कॉफीवाल्याची गोष्ट वाचून मला त्या गावाची फार आठवण आली. ग्रानादाच्या या स्वभावाला ग्रानादाचेच लोक 'मालाफोया' म्हणतात आणि अभिमानाने म्हणतात. चेहरा आंबट, बोलणं तोडून, आणि त्यामागे राग काहीच नाही. पुण्यात दोन वर्षं काढलेल्या मुलीला याचं भय वाटू नये! उद्यापासून रस्ता बदलू नकोस. रोज त्याच वेळी त्याच्याकडे जा, आणि "कृपया मला एक कॉफी मिळू शकेल का" असलं पुस्तकी वाक्य बोलू नकोस. "पोनमे उन काफे", दे एक कॉफी, एवढंच म्हण. मराठीतही आपण चहावाल्याला "एक कटिंग दे" म्हणतो, त्यात उर्मटपणा नसतो. तिथेही नसतो. दहा-बारा दिवसांत तो तू दिसताच कप मांडायला घेईल. चेहरा मात्र तसाच ठेवील.

असंच दुसरं म्हणजे, तुला कोणी 'तू इंदू का?' असं विचारलं तर गोंधळू नकोस. ते धर्म विचारत नाहीत. 'इंदिओ' हा शब्द अमेरिका खंडातल्या मूलनिवासींसाठी रूढ झाला, म्हणून भारतीय माणसाला बोलण्यात 'इंदू' म्हणतात. आणि ओळख करून देताना गालाला गाल लावून दोन चुंबनांचा आवाज करतात, त्याने अवघडायला झालं तर सरळ हात पुढे कर. कोणी वाईट वाटून घेत नाही.

तू विचारतेस, स्पॅनिश संस्कृती कुठे आहे. मी सांगते, ती तू रोज साडेतीन वाजता टेबलावर सोडून उठतेस.

त्या लोकांच्या जेवणानंतरच्या बसण्याला 'सोब्रेमेसा' असा स्वतंत्र शब्द आहे. ताटं रिकामी झालेली, कॉफी आलेली, आणि कोणी उठत नाही. दिवसातलं खरं बोलणं तेव्हा होतं. कोणाचं कोणाशी जमलं, कोणाला परीक्षेत किती मिळाले, कोणाच्या वडिलांची नोकरी गेली, सगळं. नेमकी त्याच वेळी तू फोन घेऊन आत जातेस. त्या मुलींना वाटत असेल की हिला आमच्यात बसायचं नाही. आईला तोडायचं नाही, वेळ बदलायची. सकाळी साडेआठला तू कॉलेजला चालत निघतेस तेव्हा कोल्हापुरात एक वाजलेला असतो. आईचं जेवण आटोपलेलं असेल, बाबा कदाचित शेतावर. तेव्हा वीस मिनिटं निवांत बोल. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातील, मग साडेआठला घरी बारा वाजलेले असतील, तेवढं लक्षात ठेव.

घड्याळावरून आठवलं. ती माणसं उशिरा जेवतात ते आळसामुळे, असं तुझ्या ग्रुपमध्ये कोणी म्हणत असेल तर त्याला सांग की 1940 साली, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, स्पेनने घड्याळं एक तास पुढे नेऊन मध्य युरोपाशी जुळवली आणि ती पुन्हा मागे आणली नाहीत. ग्रानादा तर ग्रीनिचच्याही पश्चिमेला आहे. त्यामुळे उन्हाळ्यात तिथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सव्वादोन झालेले असतात. म्हणजे तीन वाजताचं जेवण सूर्याच्या हिशेबाने आपल्यासारखंच भर दुपारचं. रात्री अकराला चौकात आजोबांच्या बोटाला धरून फिरणारी चार वर्षांची पोरं बघितलीस की हे सगळं नीट उमगेल. अकराचं बाहेर पडणं म्हणजे दर वेळी दारूच असते असंही नाही. एकदा जाऊन बघ. नुसतं फिरून, बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत गप्पा मारून मुली परत येतात, असंही पुष्कळदा असतं.

खाण्याचं सांगते, कारण तुझी खरी अडचण तिथे आहे असं मला पत्र वाचताना वाटलं. तिथे 'कार्ने' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गोमांसाचा नाहीतर डुकराच्या मांसाचा तुकडा येतो. हामोन, म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, त्यात ते धरत नाहीत. टूना माशाचं तर नावच सोड. म्हणून "मांस नको" म्हणून भागत नाही. "नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन" असं तिन्ही नावं घेऊन सांग. सालमोरेहो हे टोमॅटोचं दाट गार सूप मागवलंस तर त्यावर हामोन भुरभुरू नका म्हणून आधीच बजाव. बटाट्याच्या जाड ऑम्लेटची, तोर्तियाची, तुला अंड्यामुळे सोय झाली आहे. आणि ग्रानादात पेय मागवलं की सोबत खायची बशी, तापा, फुकट येते ना, ती काय आहे ते ऑर्डर देतानाच विचार आणि बदलून माग. दारू नको असेल तर 'मोस्तो' माग, द्राक्षाचा रस. कोणी भुवई वर करत नाही.

पण एक पदार्थ तू आजच्या आज खा. त्याचं नाव 'बेरेनहेनास कोन मिएल दे कान्या'. वांग्याचे पातळ काप पिठात घोळवून कुरकुरीत तळतात आणि वरून काळसर, दाट, गोड धार सोडतात. 'मिएल दे कान्या' या शब्दांचा अर्थ उसाचा मध, पण तो मध नव्हे. जिभेला लागताच तुला कळेल. ती काकवी आहे. गुऱ्हाळाच्या वासात वाढलेल्या मुलीला मी वेगळं सांगायला नको. ग्रानादाच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर अरबांनी ऊस आणला, शतकानुशतकं तिथे उसाचे मळे होते, आणि सालोब्रेन्याचा शेवटचा साखर कारखाना अगदी 2006 पर्यंत चालू होता. साखरेला ते 'आसुकार' म्हणतात. संस्कृत 'शर्करा' फारसीतून अरबीत गेली, अरबीतून स्पेनला. 'बेरेनहेना'चंही तसंच. संस्कृतातलं 'वातिंगण' फारसीत 'बादिंगान' झालं, अरबीत 'बादिंजान', आणि स्पेनमध्ये जाऊन 'बेरेनहेना'. आपलं 'वांगं'ही त्याच मुळाचं. म्हणजे त्या बशीत वांगंही आपल्या बाजूचं आणि साखरही. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. नुसता काकवीचा घास लागला आणि आमच्या काकूच्या घरची भाकरी-काकवी डोळ्यांपुढे उभी राहिली.

असे धागे तुला तिथे जागोजाग सापडतील, फक्त शोधायला पायी हिंड. अलहंब्रा बघितलीस ते उत्तमच. त्या तटबंदीतला पाचव्या कार्लोसचा गोल अंगणाचा महाल विनातिकीट बघता येतो, तिथे एखाद्या दुपारी वही घेऊन जाऊन बस. आल्बाइसिन या जुन्या वस्तीच्या चढावर 'ला प्लातेरिया' नावाची पेन्या आहे, म्हणजे फ्लामेंको या तिथल्या गाण्या-नाचावर जीव असलेल्यांचं मंडळ. 1949 सालचं, स्पेनमधलं सर्वांत जुनं. पर्यटकांना तिकीट लावून नाच दाखवणाऱ्या गुहांपेक्षा तिथे जा. गाणारा म्हातारा खुर्चीत बसतो, डोळे मिटतो, आणि ऐकणाऱ्यांतला एखादाच हळू "ओले" म्हणतो, आपल्या बैठकीतल्या "वाह"सारखं. ते गाणं मोठं केलं त्यात खितानो लोकांचा, म्हणजे तिथल्या रोमा समाजाचा वाटा फार मोठा आहे. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले होते. स्पेनमध्ये पोराला 'चावाल' म्हणतात तो शब्द त्यांच्याच बोलीतला, आणि त्याचं मूळ आपल्या 'छाव्या'शी जाऊन भिडतं.

आता आजीच्या गावाला गेल्यावर.

हाएन बसने तासाभरावर आहे. रस्त्याने ऑलिव्हखेरीज काही दिसणार नाही. त्या एका प्रांतात सहा कोटींहून जास्त ऑलिव्हची झाडं आहेत, डोंगरावर कंगव्याने भांग पाडल्यासारखी. सकाळी भाजलेल्या पावावर टोमॅटो किसून वर तेलाची धार सोडतील. 'पुरे' म्हणायची घाई करू नकोस, ते तेल त्यांच्या घरचं असण्याची शक्यता फार.

आजीला तुझ्या खाण्याबद्दल 'शाकाहारी' या शब्दाने समजावू नकोस. तो शब्द त्यांना शहरातल्या मुलींचं फॅड वाटेल. सांग की माझ्या वडिलांच्या गळ्यात माळ आहे, ते आमच्या घराचं व्रत आहे. त्यांच्या भाषेत 'प्रोमेसा'. हा शब्द आंदालुसियातल्या आजीला लगेच कळतो. तिने स्वतः कधीतरी देवापुढे असं काही बोललेलं असतं. शिवाय त्या आठवड्यातल्या शुक्रवारी बऱ्याच घरांत मांस शिजतच नाही. हरभरे आणि पालकाची पातळ भाजी करतात. त्यात बाकालाओ हा खारवलेला मासा घालतात, तेवढा घालायच्या आधी तुझी वाटी बाजूला काढायला सांग. आयत्या वेळी नव्हे, रूममेटकडून आजच निरोप जाऊ दे.

मिरवणुकीत टोकदार उंच टोप्या आणि डोळ्यांपुरती भोकं असलेले झगे दिसतील, ते पाहून दचकू नकोस. अमेरिकेतल्या वर्णद्वेषी कू क्लक्स क्लानच्या चित्रांशी त्याचा संबंध लावू नकोस, ही प्रथा त्याहून कितीतरी जुनी आहे. प्रायश्चित्त घेणाऱ्याचा चेहरा लोकांना दिसू नये, ते त्याच्या आणि देवाच्या मधलं राहावं, एवढाच हेतू. देव्हाऱ्याखाली माणसं वाकून मानेवर तो भार घेतात. ती बाहेरून दिसत नाहीत, फक्त पावलं दिसतात, सगळी एका तालात. मध्येच वरच्या गॅलरीतून एखादी बाई मूर्तीकडे बघून गायला लागते, वाद्य नाही, साथ नाही, आणि खाली सगळा जथा थांबतो. तू वारकऱ्यांच्या घरातली आहेस. पालखी दारात थांबल्यावर अंगणात काय होतं ते तू लहानपणापासून बघितलं आहेस. तुला तिथे काय चाललं आहे ते कुठल्याही मार्गदर्शकाशिवाय कळेल. फोन खिशातच ठेव.

तुझ्या भारतीय मित्रांवर मी रागावलेली नाही. परक्या गावात वरण-भाताचा घास किती मोठा असतो ते मला माहीत आहे. रविवारी जम, पोटभर जेव. फक्त रोज नको. आणि एखाद्या रविवारी त्या दोघी रूममेटनाही बोलाव, हाताने जेवायला शिकव. पॅरिसला न गेल्याबद्दल ग्रुपमधले चिडवतील, आठ दिवसांत विसरतील. घरच्यांना मात्र खरं कारण सांग. 'पैसे वाचवते' असं सांगू नकोस. माणसांनी बोलावलं आहे म्हणून जाते आहे, हे तुझ्या आई-बाबांना पॅरिसपेक्षा लवकर पटेल.

मे महिन्यातही कुठे जायची तिकिटं काढायच्या आधी 3 तारीख मोकळी ठेव. त्या दिवशी ग्रानादात चौकाचौकांत लाल फुलांचे क्रूस उभारतात. पायथ्याशी तांब्या-पितळेची भांडी, शाली, मडकी, आणि त्यांत एक सफरचंद असतं, त्यात कात्री खुपसलेली. त्या जातीच्या सफरचंदाला 'पेरो' म्हणतात, आणि 'पेरो' म्हणजे 'पण'सुद्धा. बघणाऱ्याने 'छान आहे, पण…' असं म्हणू नये म्हणून ती कात्री. तुझ्या पत्रात किती 'पण' आहेत ते एकदा मोजून बघ.

जाताना आजीसाठी काय न्यायचं ते तुला सुचत नसेल. तुझ्या सामानात आईने दिलेला लाडवाचा डबा किंवा चिवडा उरला असेल तर तोच ने, विकतचं काही नको. आणि तिथल्या स्वयंपाकघरातून एकदा आईला व्हिडिओ कॉल लाव. आजीला चुलीपाशी उभी कर, आईला तिच्या ओट्यापाशी. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळणार नाही. तू मध्ये बस आणि इकडचं तिकडे सांग.

— तुझी ताई